आवाज वाढवला की अ‍ॅम्प बंद: खिशाला चाट किती?

दुरुस्तीच्या दुकानात अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर ठेवला की जाणता मेकॅनिक झाकण उघडण्याआधी एकच विचारतो, "बंद होताना आतून टिक वाजतं का?" बहुतेक गिऱ्हाइकांना ते सांगता येत नाही. गाणं रंगात आलं, आवाज थोडा वाढवला आणि सगळं गप्प झालं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. काम पाचशेचं की पाच हजारांचं, याचा अंदाज पुष्कळदा या उत्तरावरून येतो. म्हणून अ‍ॅम्प गाडीत घालण्याआधी घरीच एकदा कान देऊन ऐका.

ही टिक रिलेची. स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर बसवलेला हा छोटासा डबा. अ‍ॅम्प चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक्' होऊन आवाज येतो, तेव्हा त्यानेच स्पीकर जोडलेले असतात. करंट मर्यादेबाहेर गेला, आउटपुटवर डीसी आलं किंवा हीटसिंक फार तापलं, की प्रोटेक्शन सर्किट रिले सोडतं आणि स्पीकर तोडून टाकतं. मेकॅनिक म्हणतात, "अ‍ॅम्प प्रोटेक्शनला गेला." याचा अर्थ अ‍ॅम्प बिघडला असा लावायची घाई नको. तो बऱ्याचदा शाबूत असतो आणि भानगड बाहेर असते: वायरीत, स्पीकरमध्ये, नाहीतर शोकेसच्या बंद काचेआड. ती निस्तरायला अनेकदा एक पैसाही लागत नाही. न बघता दुकान गाठलं तर दोनशे-पाचशे रुपये चेकिंग चार्ज जातो आणि वर "आउटपुट बदलावं लागेल" हेही ऐकून घ्यावं लागतं.

या लेखातले भाव मुंबई-पुण्याच्या बाजाराचे ढोबळ आकडे आहेत. मॉडेल, दुकान आणि पार्टची प्रत यांप्रमाणे ते वर-खाली होतील, पण कुठल्या कामाला शेकड्यात मोजायचं आणि कुठल्या हजारांत, एवढं त्यावरून नक्की कळेल.

बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

टिक वाजून आवाज गेला, दिवे मात्र चालू राहिले आणि व्हॉल्यूम खाली आणल्यावर थोड्या वेळाने गाणं पुन्हा सुरू झालं, तर कुठेतरी करंट जास्त ओढला जातोय. संशय आधी वायर आणि स्पीकरवर घ्यायचा. वीस-तीस मिनिटं छान वाजून मग गप्प, वरच्या जाळीला हात लावला तर चटका, आणि थोडं निवल्यावर आपसूक ठीक, असं असेल तर प्रश्न उष्णतेचा. होम थिएटरचे रिसीव्हर डिस्प्लेसकट विझतात किंवा स्टँडबायचा दिवा लुकलुकवतात. त्या लुकलुकण्याचा अर्थ पुष्कळ मॅन्युअलांत दिलेला असतो, आणि ते कपाटाच्या तळाशी पडलेलं मॅन्युअल वाचायला पैसे पडत नाहीत.

टिक वाजतच नाही असेही अ‍ॅम्प असतात. टीडीए ७२९४सारख्या आयसीवर बनवलेल्या देशी अ‍ॅम्पमध्ये अनेकदा रिले नसतो. आयसी स्वतःच १४५ अंश सेल्सिअसला आवाज बंद करते आणि निवली की सुरू करते. ऑनलाइन मागवलेला तळहाताएवढा ब्लूटूथ अ‍ॅम्प बासच्या ठोक्याला विझून लगेच पेटत असेल, तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी त्याचा अ‍ॅडॅप्टर बघा. त्याकडे पुढे येतोच.

दोन लक्षणं या सगळ्यात बसत नाहीत. आवाज कमी असताना एक बाजू जाते आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येते, हा उलटा प्रकार रिलेच्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टचा. पार्ट शंभर ते अडीचशे, मजुरी तीनशे ते पाचशे, विषय संपला. दुसरं लक्षण गंभीर आहे. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर, तरी रिले लागत नाही किंवा चालू करताच फ्यूज उडतो. इथे बहुधा आतलं आउटपुट शॉर्ट असतं आणि घरी करण्यासारखं काही नसतं. जाडा फ्यूज घालून बघू, हा मोह तर मुळीच नको.

बिनखर्चाचा अर्धा तास

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागणार नाही. मग अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारा आणि स्पीकरची टर्मिनलं एकेक करून बघा. स्पीकरची वायर बारीक तारांच्या जुडग्याची असते. ती सोलताना दोन-चार तारा वळल्या जात नाहीत, भोकाच्या बाहेर राहतात. लालमधून निघालेली केसाएवढी तांब्याची तार काळ्या टर्मिनलच्या कडेला टेकू-न-टेकूशी उभी असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नाही, टॉर्च तिरका धरला की चमकते. स्पीकरच्या बाजूला असंच असेल तर बॉक्स थरथरला की ती टेकते, थांबला की सुटते, आणि मोठ्या आवाजालाच अ‍ॅम्प का पडतो हे कोडं सुटतं. टोक कापा, सेंटिमीटरभर सोला, घट्ट पीळ द्या, पुन्हा बसवा. बनाना प्लगचा जोड शंभर-तीनशे रुपयांना मिळतो, त्याने हा त्रास कायमचा जातो. पण पीळ नीट असेल तर त्याचीही गरज नाही.

आता सगळ्या स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा, अ‍ॅम्प चालू करा, गाणं लावा आणि ज्या जागी तो बंद पडतो तिथपर्यंत व्हॉल्यूम न्या. आवाज अर्थातच येणार नाही, कान रिलेकडे ठेवा. मात्र ही चाचणी फक्त ट्रान्झिस्टर किंवा आयसीच्या अ‍ॅम्पवर करायची. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर काढून वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो खर्च या लेखातल्या कुठल्याही खर्चापेक्षा मोठा असतो.

स्पीकर नसताना अ‍ॅम्प टिकला तर आतला बिघाड असण्याची शक्यता बरीच कमी झाली. मग व्हॉल्यूम शून्यावर, प्लग काढून फक्त डावा स्पीकर जोडा, वाजवा. नंतर फक्त उजवा. एकाच स्पीकरवर पडत असेल तर तोच स्पीकर त्याच्या वायरीसकट दुसऱ्या चॅनलवर लावा. दोष स्पीकरबरोबर गेला तर अ‍ॅम्प निर्दोष, जागच्या जागी राहिला तर अ‍ॅम्पचा तो चॅनल. या अदलाबदलीला दहा मिनिटं लागतात आणि दुकानात "उजवा चॅनल मोठ्या आवाजाला पडतो, स्पीकर बदलूनही तेच" असं सांगता आलं की बोलण्याचा सूरच बदलतो.

याच अर्ध्या तासात बास मधोमध आणा, लाउडनेस बंद करा आणि पुन्हा वाजवून बघा. बास दहा डेसिबलने वाढवलं तर त्या खालच्या सुरांना अ‍ॅम्पला दहापट वॅट पुरवावे लागतात. बटण जरासं फिरतं, हिशेब दहापटीचा होतो. एवढ्याने अ‍ॅम्प पडायचा थांबला तर दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही.

ओहमचा हिशेब

इथे जरा थांबायला हवं, कारण घरगुती स्टीरिओ पडण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी समजलेलं कारण हे आहे. अ‍ॅम्प ५० वॅट ८ ओहमचा असेल तर पूर्ण आवाजाला तो स्पीकरवर २० व्होल्ट देतो आणि अडीच अ‍ॅम्पिअर करंट जातो. तेच २० व्होल्ट ४ ओहमवर पडले तर करंट पाच अ‍ॅम्पिअर, २ ओहमवर दहा. व्हॉल्यूमचं बटण एकाच जागी आहे, पण अ‍ॅम्पवरचा भार चौपट झालाय. चांगला अ‍ॅम्प ४ ओहम पेलतो, दोनवर बहुतेक सगळे हात टेकतात.

कुणीही जाणूनबुजून २ ओहम जोडत नाही, ते नकळत होतं. गणपतीत दिवाणखान्यातल्या अ‍ॅम्पला गॅलरीत आणखी दोन बॉक्स हवे असतात, मग आहे त्याच टर्मिनलमध्ये दुसरी वायर कोंबली जाते. ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की ४ ओहम होतात, ४ ओहमचे दोन जोडले की २. स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेल्या बॉक्समध्ये पुष्कळदा गाडीचे स्पीकर बसवलेले असतात, आणि ते ४ ओहमचे असतात. एका बॉक्समध्ये असे दोन समांतर टाकले तर लाकूड सागवानी असलं तरी अ‍ॅम्प रडणारच. ए आणि बी अशा दोन जोड्यांचं बटण असलेल्या अ‍ॅम्पच्या पाठीवर बारीक अक्षरांत अट छापलेली असते: एकच जोडी असेल तर ४ ओहमपासून पुढे चालेल, दोन्ही एकदम वाजवायच्या असतील तर प्रत्येक स्पीकर किमान ८ ओहमचा हवा. ती अट कुणी वाचत नाही.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे, दोनशे ते पाचशे रुपयांत येतो. अ‍ॅम्पवरून काढलेल्या वायरीच्या दोन टोकांना तो २०० ओहमच्या रेंजवर लावा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा बघा आणि तो वजा करा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते पावणेचार. छापलेल्या आकड्यापेक्षा हा कमी येतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. दोनच्या खाली आकडा आला तर काहीतरी शॉर्ट आहे, नाहीतर बॉक्समध्ये ४ ओहमचे दोन समांतर आहेत. मग मीटर थेट बॉक्सच्या टर्मिनलवर लावा. तिथे आकडा ठीक आला तर दोष वायरीचा: फॉल्स सीलिंगमध्ये चेमटलेली, खिळ्याखाली गेलेली किंवा उंदराने कुरतडलेली. नवी वायर मीटरला पंचवीस ते ऐंशी रुपये. दहा-बारा मीटर लांबीला तांब्याची दीड चौरस मिलिमीटर घ्या आणि सोन्याच्या भावाच्या 'ऑडिओ केबल'पासून लांब राहा.

स्पीकरच शॉर्ट निघाला तर वूफरचं कॉइल-कोन बदलून देणारे कारागीर अजून आहेत. आकाराप्रमाणे चारशे ते दीड हजार. एक गोष्ट मात्र मीटरला कळत नाही. अर्धवट जळालेलं कॉइल गार असताना बरोबर आकडा दाखवतं आणि तापून हलायला लागलं की चुंबकाच्या फटीत घासतं, शॉर्ट होतं. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच सरळ आत दाबून बघा. खरखर जाणवली तर तो वूफर गेलाच समजा.

मुळात केवढा आवाज हवाय?

काही अ‍ॅम्प बिघाडाने पडत नाहीत. त्यांच्याकडून झेपत नाही तेवढं मागितलं जातं. आवाज तीन डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात आणि कानाला तो फरक 'थोडासा' वाटतो. ५० वॅटचा अ‍ॅम्प विकून १०० वॅटचा आणणाऱ्याची निराशा होते ती यामुळे. याउलट ८६ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला तर तोच अ‍ॅम्प अडीचपट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून दिलेला हा आकडा दुकानदार सांगत नाही, विचारावा लागतो. खोक्यावर छापलेले पीएमपीओ वॅट तर वाचूच नका, आरएमएस किती ते बघा.

व्हॉल्यूमच्या बटणानेही फसायला होतं. घड्याळाच्या बारावर बटण म्हणजे निम्मी ताकद, असं नसतं. सीडी प्लेअर पूर्ण जोराच्या जागी साधारण २ व्होल्ट देतो. जुन्या अ‍ॅम्पना दीड-दोनशे मिलिव्होल्टमध्येच पूर्ण ताकदीला जायची सवय, त्यामुळे काही अ‍ॅम्प दहा-अकरावरच संपतात. त्यापुढे बटण फिरवलं की फक्त विद्रूप, करकरीत आवाज येतो आणि ट्विटर जळतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये तर अ‍ॅम्पआधी शेजारी पडतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. एक मीटरवर ८८ डेसिबल द्यायला साध्या स्पीकरला एकच वॅट पुरतो.

क्रोशाचा रुमाल आणि अमेरिकेचा अ‍ॅम्प

घराघरांत अ‍ॅम्पवर क्रोशाचा रुमाल असतो, रुमालावर सेट टॉप बॉक्स, त्यावर फोटोफ्रेम. वरची जाळी ही शोभेची नाही, गरम हवा जायची तीच वाट आहे. एबी वर्गातले बहुतेक अ‍ॅम्प सगळ्यात जास्त तापतात ते पूर्ण आवाजाला नाही तर त्याच्या निम्म्याहून कमी, चाळीसेक टक्के ताकदीला. ४ ओहमचा स्पीकर असेल तर ती उष्णता दुप्पट. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते, तिथे बंद शोकेसमधला अ‍ॅम्प संध्याकाळी पडणं स्वाभाविक आहे. रुमाल काढा, वर दहा-बारा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, शोकेसची मागची फळी कापून घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा दीडशे-चारशेला मिळतो. १२ व्होल्टचा असला तरी ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवा, घरघर ऐकू येत नाही. आतली धूळ काढून सर्व्हिसिंग करायला तीनशे ते सहाशे लागतात. कोकणात त्यात गंजलेली टर्मिनलं साफ करायचं काम वाढतं, आणि झुरळं-पाली कुठेही निघतात. बोर्डावर होरपळलेली पाल हा मेकॅनिकच्या धंद्यातला नित्याचा अनुभव आहे.

परदेशातून मुलाने किंवा भावाने आणलेला अ‍ॅम्प हे वेगळंच प्रकरण. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, जपानचा तर १०० व्होल्टचा. इथे तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतात आणि ट्रान्सफॉर्मर घेताना काटकसर होते. अ‍ॅम्पच्या पाठीवर ३०० वॅट लिहिलंय म्हणून ३०० व्हीएचा आणला, तर बासच्या ठोक्याला व्होल्टेज कोसळतं आणि रिले सुटतो. ५०० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्या, दोन ते पाच हजार पडतील. जपानी अ‍ॅम्पला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर 'चालतो' असं दुकानदार म्हणतो. चालतो, पण जास्त तापतो. १०० व्होल्टचा बनवून घेतलेला बरा. काही मॉडेलच्या मागे व्होल्टेज निवडायचा खटका असतो, तो असेल तर हा सगळा खर्च वाचला. खटक्याला हात लावताना प्लग काढलेला असावा, हे सांगायला नको.

गावात रात्री पंप सुरू झाले की वीज १८० व्होल्टवर येते. त्या वेळीच अ‍ॅम्प पडत असेल आणि दुपारी तोच आवाज पेलत असेल, तर मल्टिमीटर एसीच्या रेंजवर लावून बघा (हे काम सवय असलेल्याकडून करवा). स्टॅबिलायझर दीड ते तीन हजार.

राहिला तो छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प. टीपीए ३११६ या चिपवरचे अ‍ॅम्प '५० अधिक ५० वॅट' म्हणून विकले जातात. तेवढे वॅट २१ व्होल्ट आणि ४ ओहम असले तरच मिळतात. सोबत येणारा १२ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॅप्टर एकूण चोवीस वॅटचा. त्यातून शंभर कुठून निघणार? जुना १९ व्होल्टचा लॅपटॉपचा चार्जर घरात पडला असेल तर फुकटात काम होतं, नाहीतर २४ व्होल्ट ५ अ‍ॅम्पिअरचा सातशे ते दीड हजारात. चिपची कमाल मर्यादा २६ व्होल्ट आहे, म्हणून त्याहून मोठा आणू नका. आणि अ‍ॅम्पवर कमी व्होल्ट छापले असतील तर तेच पाळा.

झाकण उघडल्यावर

इथून पुढे मेकॅनिक. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा उत्साहाच्या भरात स्क्रू काढू नका. मेकॅनिककडे सिरीज बल्बचा बोर्ड आहे का, हे बघा. संशयित अ‍ॅम्प तो थेट मेनवर न लावता साठ-शंभर वॅटच्या बल्बच्या सिरीजमधून लावतो. बल्ब लखलखीत पेटला की आत शॉर्ट, क्षणभर पेटून मंदावला की ठीक. पन्नास रुपयांच्या या जुगाडामुळे नवे ट्रान्झिस्टर वाचतात. ज्याच्याकडे हा बोर्ड नाही त्याच्याकडे अ‍ॅम्प ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या आवाजालाच पडणाऱ्या, पण बाहेरून सगळं ठीक असलेल्या अ‍ॅम्पमध्ये सहसा ठरावीक चोर सापडतात. हीटसिंकवरची पांढरी पेस्ट वाळलेली: साफ करून नवी लावायला तीनशे-पाचशे. ड्राय सोल्डर, म्हणजे वर्षानुवर्षं तापून तडकलेले टाके: पुन्हा टाकायला तेवढेच. फिल्टर कपॅसिटर सुकलेले, सोबत हलकी गुणगुण: जोडीला तीनशे ते हजार आणि मजुरी. आउटपुट ट्रान्झिस्टरजवळचे ०.२२ ओहमचे रेझिस्टर किंमत वाढवून बसले की प्रोटेक्शनला खोटी खबर जाते. ते वीस-तीस रुपयांचे असतात, शोधायलाच वेळ लागतो. बायस जास्त असेल तर मिलिव्होल्टमध्ये मोजून सेट करायचा. हे सगळं मिळून हजार ते दोन हजारांत बसावं.

आउटपुटच उडालं असेल तर आकडा वाढतो. २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ही जोडी कित्येक अ‍ॅम्पमध्ये असते, आणि या जोडीइतका नकली माल क्वचितच दुसऱ्या पार्टचा असेल. अस्सल जोडी काही शे रुपयांची, डुप्लिकेट त्याच्या पाव भावात. डुप्लिकेट टाकलेला अ‍ॅम्प दुकानात कमी आवाजाला गोड वाजतो आणि घरी पहिल्याच पार्टीत जातो. जुन्या म्युझिक सिस्टिममधल्या एसटीके आयसींची तीच गत. म्हणून पार्ट कुठला, किती रुपयांचा, हे बिलावर लिहून घ्या आणि जुने पार्ट परत मागा. एका चॅनलचं आउटपुट, ड्रायव्हर, रेझिस्टर धरून दीड ते चार हजार हा वाजवी हिशेब.

दुकानात एक वाक्य ऐकू आलं की अ‍ॅम्प उचलून चालू पडा: "रिले डायरेक्ट करून देतो, मग बंदच नाही पडणार." खरंच नाही पडणार. पण पुढे एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ४० व्होल्ट डीसी सरळ वूफरवर. साडेसहा ओहमच्या कॉइलला ते जवळजवळ २५० वॅट होतात, तेही सलग. काही सेकंदांत धूर. शंभर रुपयांचा रिले वाचवून स्पीकरची जोडी घालवायची.

होम थिएटरच्या रिसीव्हरचं गणित वेगळं. अधिकृत सेंटर अनेकदा पार्ट न बदलता अख्खा बोर्ड बदलतं आणि आठ ते पंचवीस हजार सांगतं. बोर्डच मिळत नाही असंही कळतं. माझा ठोकताळा असा: तशाच मॉडेलची जुन्या बाजारातली किंमत बघायची आणि दुरुस्ती तिच्या चाळीस टक्क्यांवर गेली तर हात आखडता घ्यायचा. साध्या दोन चॅनलच्या जुन्या अ‍ॅम्पला मात्र मी हा नियम लावत नाही. त्यातले पार्ट सुटे मिळतात, बोर्डावर हात चालवायला जागा असते, आणि नवा बऱ्यापैकी स्टीरिओ अ‍ॅम्प आज पंचवीस हजारांच्या आसपास सुरू होतो.

कुणाकडे, कसं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पार्ट इथूनच निघतात आणि चांगले मेकॅनिकही इथल्या दुकानदारांना माहीत असतात. पार्ट विकणाऱ्याला विचारा, "अ‍ॅम्पचं काम कोण करतं?" दोन-तीन दुकानांत एकच नाव आलं तर त्याच्याकडे जा. अंदाजपत्रक आधी, वरचा आकडा ठरवून; त्यापुढे गेलं तर फोन करायचा, न विचारता काम करायचं नाही. अंदाज नाकारला तर चेकिंग चार्ज किती, हेही आधी विचारा. पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर आणि तक्रार लिहून घ्या, केलेल्या कामाची एक ते तीन महिन्यांची हमी मागा. अधिकृत सेंटरच्या बिलात १८ टक्के जीएसटी येईल, अंदाज ऐकताना तो धरलाय का ते विचारा. अ‍ॅम्प वॉरंटीत असेल तर बाहेर झाकण उघडू देऊ नका, सील तुटल्यावर कंपनी हात वर करते.

दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवाच आहे. पैसे घेऊन तोच दोष राहिला, पार्ट बदलल्याचं खोटं बिल लावलं किंवा अ‍ॅम्प महिनोन्‌महिने अडकवून ठेवला, तर आधी लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे बरीच प्रकरणं मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती नसेल तर हे सगळंच अवघड होतं.

अ‍ॅम्प न्यायला जाताना स्वतःचा एक स्पीकर आणि मोबाइलमध्ये तेच गाणं घेऊन जा. मेकॅनिकच्या टेबलावर छोट्या टेस्ट स्पीकरवर दोन मिनिटं वाजवून दाखवलेला अ‍ॅम्प काहीच सिद्ध करत नाही. तुमचा स्पीकर जोडा, आधी एका चॅनलवर, मग दुसऱ्यावर, ज्या जागी तो पूर्वी पडायचा तिथे बटण ठेवा आणि वीस मिनिटं वाजू द्या. दुकानदार कुरकुरेल. पैसे त्यानंतर द्या.